शब्दात शब्द घुसला तर त्याला म्हणायचं काय?

'त्याचबरोबर' या शब्दात 'च' मधेच कसा आला? अभंगातलं 'तुका म्हणे' व्याकरणात कुठे बसवायचं? इंग्रजीत 'ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली' म्हणतात, तसलं मराठीत काही आहे का? इंदुरात स्वाध्यायी म्हणून (कॉलेजात न जाता, बाहेरून परीक्षा देत) मराठीत एम.ए. करणारी मुलं हे प्रश्न हमखास विचारतात. मी त्याच वाटेनं आलो. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी, आणि काव्यशास्त्राच्या पेपराला बसलं की एकाच गोष्टीची चार नावं समोर: एक संस्कृत व्याकरणातलं, एक साहित्यशास्त्रातलं, एक मराठी व्याकरणकार दामल्यांचं आणि एक ग्रीक. ही पुस्तकं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून विद्यार्थी नावं पाठ करतो आणि वाक्य समोर आलं की अडतो.

माझा सल्ला सरळ आहे: नाव सगळ्यात शेवटी. आधी तीन गोष्टी पाहायच्या. घुसलं कुठे, घुसलं काय आणि काढलं तर काय बिघडतं. त्यानंतर नाव बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

सोबत काय हवं

- एक वही. प्रत्येक उदाहरणासाठी तीन रकाने: जागा, घुसलेला भाग, काढल्यावर काय झालं.
- मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११). ग्रंथ जाडजूड आहे, सगळा वाचायची गरज नाही. अव्ययांचा भाग पुरे.
- संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास (अध्याय), भाषांतरासह. इंदूरकरांना हिंदी टीका, म्हणजे विवरण, सोयीची पडते. खजुरी बाजारात अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत विचारून पाहा.
- पाणिनीच्या संस्कृत व्याकरणाची, म्हणजे 'अष्टाध्यायी'ची, सूत्रांक असलेली कुठलीही प्रत.
- घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं. हे फुकट आहे, आणि यातच सगळ्यात जास्त उदाहरणं मिळतात.

१. आधी जागा पाहा

वाक्य वहीत उतरवा, घुसलेल्या भागाखाली रेघ ओढा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. शक्यता चारच.

पहिली जागा म्हणजे अखंड शब्दाचं पोट, जिथे मुळात सांधाच नाही. फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत 'सुलात' हा लिहिण्याचा धातू. त्याच्या पहिल्या व्यंजनानंतर 'उम' घातला की 'सुमुलात' होतं. खरेदीच्या 'बिली'चं तसंच 'बुमिली'. हे वाचून कुणी 'काय विचित्र भाषा' म्हणालं, तर त्याला पाणिनी दाखवा. रुधादी गणातल्या (रुध् वगैरे) धातूंना लागणारा 'श्नम्', म्हणजे 'न' हा प्रत्यय (रुधादिभ्यः श्नम्, ३.१.७८), धातूच्या मागे न लागता आत शिरतो: भिद् पासून भिनत्ति, युज् पासून युनक्ति. नेमका कुठे शिरायचं तेही पाणिनीनं १.१.४७ मध्ये सांगून ठेवलंय: शेवटच्या स्वराच्या लगेच पुढे. 'अकच्' हाही त्याच जातीचा (५.३.७१). 'उच्चैः'चं 'उच्चकैः' होतं, 'क' शेपटाच्या आधी बसतो.

दुसरी जागा म्हणजे सांधा. दोन घटक जुळून शब्द झालेला असतो आणि नेमक्या त्या जोडावर तिसरं काही येऊन बसतं. लॅटिनमध्ये उत्तरेला 'सेप्टेमट्रिओ' असा जोडशब्द आहे. रोमन कवी व्हर्जिलनं त्याचे दोन तुकडे करून मधे 'सुबिएक्ता' हा वेगळाच शब्द ठेवला. कापलं, पण जोडावर. याच्या उलट एक ओळ एनियस या जुन्या कवीच्या नावावर चालत आली आहे. तिच्यात 'केरेब्रुम' म्हणजे मेंदू हा शब्द 'केरे' आणि 'ब्रुम' असा फोडलाय आणि मधे 'चुरा केला' या अर्थाचं क्रियापद आहे. दगडानं टाळकं फुटलं आणि शब्दही फुटला! इथे सांधा नव्हता, म्हणून हे उदाहरण पहिल्या जागेचं.

इंग्रजीतली शिवीही पहिल्याच जागेची. पण ती वाटेल तिथे शिरत नाही. आघात असलेल्या, म्हणजे जोर देऊन उच्चारलेल्या, अवयवाच्या (सिलेबलच्या) आधी शिरते. 'ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली' चालतं, 'ॲब-ब्लडी-सोल्यूटली' कुणी म्हणत नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९८२ मध्ये या नियमावर शोधनिबंध लिहिला. शिवीलाही व्याकरण असतं, हे परीक्षेत लिहायला हरकत नाही.

तिसरी जागा दोन सुट्या शब्दांमधली: 'मी आपला गप्प बसलो'. चौथी, वाक्याच्या मधे आख्खं वाक्य. या दोन्हींकडे पुढे वळू.

२. घुसलेला भाग ओळखा

निव्वळ ध्वनी असेल तर काम सोपं. आपल्या इंदुरात 'फिलिम' आणि 'गिलास' दिवसभर ऐकू येतात. जोडाक्षर जड गेलं की जीभ मधे स्वर सोडते. धर्माचा धरम आणि जन्माचा जनम असाच झाला. याला स्वरभक्ती म्हणतात, शब्द प्रातिशाख्यांइतका, म्हणजे वेदांच्या उच्चारावरच्या प्राचीन ग्रंथांइतका, जुना आहे. ग्रीक परंपरेतलं नाव एपेन्थेसिस. 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' यात मात्र धरू नका. तिथे स्वर आत शिरलेला नाही, दाराशी उभा आहे. तो आदिस्वरागम.

लहानपणीची 'र्फ'ची भाषा आठवते? 'मी जातो'चं 'मर्फी जर्फातर्फो'. प्रत्येक अक्षराच्या पोटात तोच ध्वनी. हा चोरून बोलण्याचा खेळ आहे, अलंकार नव्हे. पण शब्द अक्षरागणिक कसा उघडतो ते शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. लहान मुलांना शिकवत असाल तर इथूनच सुरू करा.

ध्वनी नसेल तर तो निपात, म्हणजे न बदलणारा छोटा शब्द, असेल (च, ही, तर, ना), शब्द असेल (आपला, मेली, म्हणे, आणि इंदुरात अर्थातच 'भिया', म्हणजे भाऊ) किंवा वाक्य असेल. वहीत तसं लिहा आणि पुढे चला.

३. काढून पाहा

घुसलेला भाग खोडा आणि वाक्य मोठ्यानं वाचा.

व्याकरणच कोसळलं तर तो प्रत्यय होता. भिनत्ति मधला 'न' काढला की रूपच उरत नाही. अर्थ तसाच राहिला पण जोर गेला, तर तो निपात. अर्थही तोच, जोरही तोच, फक्त बोलणाऱ्याचा चेहरा गेला, तर ते पालुपद. आणि गद्यात काही बिघडलं नाही पण वृत्त लंगडलं, तर पादपूरण. अमरकोशात यासाठी यादीच दिली आहे: 'तु हि च स्म ह वै पादपूरणे'. 'निरुक्त' लिहिणाऱ्या यास्कानंही वेदातले काही निपात असे नुसते भरणीचे मानले.

ज्ञानेश्वरी वाचताना 'पैं', 'गा', 'जी' दिसले की विद्यार्थी लगेच पादपूरण लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. 'गा' ही हाक आहे, आणि 'जी'मध्ये समोरच्या श्रोत्यांचा मान आहे. मात्रा भरण्याचं काम ते करत असतील, पण तेवढंच करत नाहीत. उत्तरात दोन्ही लिहा.

४. 'च' आणि 'ही': इथे वेळ द्या

मराठीत शब्द उघडून आत काही घालता येतं का, या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन छोट्या निपातांत आहे. पाठ्यपुस्तकं यांना एका ओळीत उरकतात.

हे शब्द पाहा: त्याचबरोबर, याचसाठी, त्याचमुळे, याहीपेक्षा, तुझ्याचसाठी, त्यांच्याहीकडे. 'त्याबरोबर' हा एक शब्द, 'यापेक्षा' हा एक शब्द. शब्दयोगी अव्यय आपण जोडूनच लिहितो. आणि तरीही 'च' नि 'ही' त्यांच्या मधे बसलेत. ही सांध्यावरची घुसखोरी, अगदी व्हर्जिलच्या जातीची. आपण ती दिवसातून कितीतरी वेळा करतो आणि लक्षातही येत नाही.

आता हीच गोष्ट विभक्तीच्या प्रत्ययाबरोबर करून पाहा. 'त्याचला'? नाही. 'त्यालाच'. 'त्याचने'? नाही. 'त्यानेच'. म्हणजे शब्दयोगी अव्यय दार उघडतं, विभक्ती उघडत नाही. एखादा शेपटीचा तुकडा प्रत्यय आहे की शब्दयोगी अव्यय, अशी शंका आली तर मधे 'च' घालून पाहा. या कसोटीनं बरेच वाद मिटतात.

आपल्यासारख्या हिंदीत शिकलेल्यांनी इथे विशेष सावध राहायचं. हिंदीत 'उसी को', 'मुझी से' सर्रास चालतं. 'ही' सर्वनामाला चिकटतो आणि 'को' त्याच्या मागून येतो. मराठीत क्रम उलटा. 'उसी को दे दो' मनात ठेवून मराठी बोलणारी मुलं 'त्याचला' म्हणत नाहीत, कान तेवढा तयार असतो. पण लिहिताना ती अडखळतात आणि 'त्या च ला' असं काहीतरी तोडून ठेवतात.

आणखी एक बारकावा. सर्वनामं जितकी सहज उघडतात, तितकी नामं उघडत नाहीत. 'तुझ्याचसाठी' होतं, पण 'आईचसाठी' कानाला खटकतं. तिथे 'आईसाठीच' म्हणायचं, किंवा 'च्या' मधे आणून 'आईच्याचसाठी'. याचं कारण एका वाक्यात सांगता येईल असं मला वाटत नाही. सध्या उदाहरणं गोळा करा.

जागा बदलली की अर्थ बदलतो का? कधी जवळजवळ नाही: 'माझ्याहीपेक्षा उंच' आणि 'माझ्यापेक्षाही उंच' यांत कुणी भांडणार नाही. कधी चांगलाच बदलतो. 'त्याच वेळी सांगितलं' म्हणजे नेमक्या त्याच क्षणी. 'त्या वेळीच सांगितलं' म्हणजे तेव्हाच सांगून टाकलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही. पहिल्यात वेळ नेमकी होते, दुसऱ्यात तक्रार ऐकू येते.

५. आपला, मेली, म्हणे

आता दोन सुट्या शब्दांमधली जागा. शालेय व्याकरणात ही मंडळी केवलप्रयोगी अव्ययांच्या शेपटाला सापडतात: व्यर्थ उद्गारवाची आणि पादपूरणार्थक, म्हणजेच पालुपदं. 'तो म्हणे आजारी होता.' 'मी आपला गप्प राहिलो.' 'मला मेलीला काय कळतंय त्यातलं!' 'व्यर्थ' हे नाव मला अन्यायाचं वाटतं. 'म्हणे' काढून पाहा: 'तो आजारी होता'. ऐकीव बातमी एकदम खात्रीची झाली. यात व्यर्थ काय आहे?

या शब्दांना अव्यय म्हणताना आणखी एक पंचाईत होते. अव्यय म्हणजे जे बदलत नाही. पण बाई बोलली की 'मी आपली बसले', अनेक जण असले की 'आम्ही आपले बसलो', आणि 'मला मेलीला' मध्ये तर घुसलेल्या शब्दानं लिंगाबरोबर 'ला'ही घेतला. इंग्रजी शिवी शब्दात शिरूनही तशीच्या तशी राहते. मराठीतली मात्र आजूबाजूच्या शब्दांचं लिंग, वचन, विभक्ती घेऊनच आत येते. 'मराठीत ब्लडीसारखं काही आहे का' याचं माझं उत्तर हे: आहे, पण ते शब्दाच्या पोटात शिरत नाही, शेजारी बसतं आणि शेजाऱ्यासारखं रूप घेतं.

दुहेरी शब्दांच्या मधे काही घातलं तर तो वेगळा खेळ: 'नको, बाई, नको', 'जा, म्हटलं, जा'. तोच शब्द, मधे दुसरा, पुन्हा तोच. ग्रीक परंपरेत याला डायाकोपी म्हणतात. 'कधी ना कधी', 'काहीच्या काही' यांचा साचा तसाच दिसतो. पण ते आता घट्ट झालेले शब्दप्रयोग आहेत, म्हणून त्यांना अलंकार म्हणू नका.

६. शब्द मुळात एक होता का, हे विचारा

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात (१.१.७) आहे: 'उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् । नमो भरन्त एमसि ॥' रोज रोज, नमस्कार घेऊन, हे अग्ने, आम्ही तुझ्याजवळ येतो. 'उप' ओळीच्या आरंभी आणि त्याचं क्रियापद 'एमसि' पार शेवटी. होमरच्या ग्रीकमध्येही उपसर्ग असेच क्रियापदापासून दूर राहतात, आणि तिथे त्याला ट्मेसिस, म्हणजे शब्दच्छेद, म्हणण्याची रीत पडली.

पण छेद कधी होतो? शब्द आधी एक असेल तर. वेदाच्या नि होमरच्या काळात उपसर्ग अजून क्रियापदाला चिकटलेलेच नव्हते, ते स्वतंत्र फिरत होते. नंतरच्या भाषेत ते जुळले, आणि मागे वळून पाहणाऱ्यांना जुनी मोकळीक म्हणजे मोडतोड वाटली. पाणिनीनं हे फार नेटकं मांडलंय. आधी नेहमीचा नियम: उपसर्ग धातूच्या आधी (ते प्राग्धातोः, १.४.८०). मग वेदासाठी सूट: मागून आला तरी चालेल (छन्दसि परेऽपि, १.४.८१), मधे दुसरे शब्द आले तरी चालेल (व्यवहिताश्च, १.४.८२). 'कापला' असं तो म्हणत नाही. 'व्यवहित', म्हणजे मधे अंतर पडलेला, म्हणतो. पेपरात वैदिक उदाहरण आलं तर हाच शब्द वापरा. व्हर्जिलच्या ओळीला शब्दच्छेद म्हणा, कारण त्याच्या काळी तो जोडशब्द झालेला होता.

७. वाक्यात वाक्य

मम्मटानं वाक्यदोषांत दोन शेजारी-शेजारी ठेवलेत आणि विद्यार्थी त्यांची अदलाबदल करतात. एका वाक्याची पदं दुसऱ्या वाक्यात मिसळली तर तो 'संकीर्ण'. एका वाक्याच्या मधे दुसरं पूर्ण वाक्यच येऊन बसलं तर 'गर्भित'. 'गर्भित' म्हणजे ग्रीक परंपरेतला पॅरेंथेसिसच. तिथे मात्र तो दोष मानत नाहीत.

पण मम्मटही आंधळेपणानं दोष देत नाही. पुढे त्यानं एक प्राकृत गाथा दिली आहे. तिच्यातला बोलणारा सांगतो की मी मर्यादा सोडलेला, निरंकुश, विवेकहीन असेन, पण स्वप्नातही तुझी भक्ती, विश्वास ठेव, विसरत नाही. मधलं 'विश्वास ठेव' हे स्वतंत्र वाक्य आहे, म्हणून नियमानं गर्भित. तरी मम्मट म्हणतो की इथे खात्री दृढ करण्यासाठी ते आलंय, म्हणून तो गुण. आपण 'मी, आईशप्पथ, घेतलं नाही' म्हणतो ते याहून वेगळं नाही.

'तुका म्हणे', 'नामा म्हणे' यांना नाममुद्रा म्हणायचं. रचनेनं ती गर्भितच. पण दोष म्हणून कुणी बोट दाखवत नाही, कारण ऐकणारा त्या मुद्रेची वाटच पाहत असतो.

८. आता नाव द्या

- अखंड शब्दाच्या आत, प्रत्यय म्हणून: मध्यप्रत्यय (श्नम्, अकच्, टागालोगचा 'उम').
- शब्दाच्या आत, नुसता स्वर: स्वरभक्ती.
- जुळलेल्या शब्दाच्या सांध्यावर किंवा मुद्दाम तोडून: शब्दच्छेद, ट्मेसिस.
- उपसर्ग आणि धातू दूर, वैदिक: व्यवहित उपसर्ग.
- सुट्या शब्दांमध्ये: पालुपद, पादपूरण.
- पूर्ण वाक्य: गर्भित. कवीचं नाव असेल तर नाममुद्रा.

९. सारखे दिसणारे, पण वेगळे

सभंग श्लेषात शब्द तुटतो, आत काही शिरत नाही. 'औषध नलगे मजला' हे पुस्तकातलं ठरलेलं उदाहरण. 'न लगे' वाचा किंवा 'नल गे' वाचा, मधे नवं काहीच नाही.

यतिभंगातही शब्द तुटतो, पण आत शिरतो तो नुसता थांबा. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर यती असतो. तिथे शब्द संपला नसेल तर वाचणाऱ्याला शब्दाच्या मधेच श्वास घ्यावा लागतो.

दूरान्वयात संबंधित पदं लांब पडतात. ग्रीक हायपरबॅटनशी याचं नातं आहे, पण परीक्षेत 'दूरान्वय' लिहिलं की पुरतं.

१०. करून पाहा

उत्तर झाकून ठेवा आणि वरच्या पायऱ्यांनी जा.

(क) 'याहीपेक्षा सोपं करून सांगा.'
(ख) 'दोन गिलास पाणी आणा.'
(ग) 'मी आपली कोपऱ्यात बसले.'
(घ) 'तो, देवाशपथ सांगतो, आलाच नव्हता.'
(ङ) 'हे सगळं तुझ्या च साठी आणलं.'

(क) सांध्यावर निपात. काढला तर जोर जातो. (ख) स्वरभक्ती. अलंकार लिहिलात तर गुण गेले. (ग) पालुपद, 'आपली'चं स्त्रीलिंग वहीत नोंदवा. (घ) इथे दोन आहेत: 'देवाशपथ सांगतो' गर्भित, पण खात्रीसाठी आल्यानं गुण, आणि 'आलाच नव्हता' मध्ये 'च'. दुसरा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. (ङ) जागा बरोबर, लेखन हिंदीच्या वळणाचं. 'तुझ्याचसाठी', एकत्र.